कापशीनं कोपरा केव्हाच निवडलाय

वडगावातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव आणि गल्ली वगळून मजकूर थोडक्यात देते. घराच्या पुढच्या सोप्यात दोन माग, मागं दोन खोल्या आणि परडं. दिवाळीच्या सुट्टीत सहावीतल्या मुलाच्या हट्टापायी दीड महिन्याचं सशाचं पिल्लू घरी आणलं. पांढरंशुभ्र, म्हणून नाव कापशी. पहिले दोन महिने ती मोरीजवळच्या एकाच कोपऱ्यात लघवी करायची, घरच्यांना त्याचं कौतुक होतं. संक्रांतीपासून सगळं बिघडलं. सासूबाईंच्या गादीवर चार-पाच वेळा लघवी झाली, लेंड्या घरभर पडतात. परड्यात नळाजवळ भुसा घालून प्लास्टिकचा टब ठेवला आहे, त्याकडं ती ढुंकूनही बघत नाही. "कुणी सांगितलं म्हणून तिचं नाक ओल्या जागेत दाबलं, एकदा चापटही मारली. आता हात पुढं केला की कॉटखाली पळते," असं ताई लिहितात. सासूबाईंचं म्हणणं, येळ्ळूरला मामांच्या शेतात नेऊन सोडा. ते ऐकून मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. ताई विचारतात: ससा खरंच एका जागी जायला शिकतो, की आम्ही उगाच आशा धरून बसलोय?

ताई, शिकतो. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पहिले दोन महिने कापशी मोरीजवळच्या कोपऱ्यात जात होती, आणि ते तिला तुम्ही कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं जागा स्वतः निवडली होती. मग तुम्ही टब ठेवलात तो तिच्या जागी नाही, तुमच्या सोयीच्या जागी, परड्यात. माझा सगळा सल्ला इथूनच सुरू होतो.

ससा असं का करतो हे आधी सांगते, म्हणजे पुढचं पटेल. आपण 'ससा' म्हणतो तेव्हा दोन वेगळे प्राणी त्या एका नावात येतात. येळ्ळूरच्या, खानापूरच्या वाटेवर रात्री गाडीच्या उजेडात टुणकन उडी मारून जातो तो रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात दबून बसतो, त्याची पिल्लं उघड्यावरच, डोळे उघडलेली आणि अंगावर केस असलेली जन्मतात. बाजारात मिळतो तो ससा निराळा. त्याचे पूर्वज युरोपातले, जमिनीत बिळं खणून कळपानं राहणारे. बिळात राहणाऱ्याला बसायच्या-झोपायच्या जागी घाण करून चालत नाही, म्हणून त्याची लघवीची नि लेंड्यांची जागा ठरलेली असते. ती सवय कापशीच्या रक्तात आहे. (रानसशाचं पिल्लू सापडलं म्हणून कुणी घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि घरात ते बहुतेक वेळा जगतही नाही.)

आता संक्रांतीपासून काय बिघडलं ते बघू. तुमचा हिशोब धरला तर तेव्हा कापशी चार महिन्यांची झाली. ससे साडेतीन-चार महिन्यांपासून वयात येतात. त्या दिवसांत ते पायांभोवती गोल गोल फिरतात, घुं घुं असा बारीक आवाज काढतात, दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला हनुवटी घासतात, आणि 'ही जागा माझी' हे सांगण्यासाठी लघवीचे शिंतोडे उडवतात, लेंड्या पसरतात. कापशी बिघडलेली नाही, ती मोठी होते आहे. आणखी एक, ती मादीच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? दीड महिन्याच्या पिल्लाचं लिंग ओळखताना विकणारेही सर्रास चुकतात. शिंतोडे माद्याही उडवतात, पण नर जास्त. जनावरांच्या डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या, पुढच्या एका निर्णयासाठी ते लागणार आहे.

आणि सासूबाईंचीच गादी का? त्यांना वाटतं, तिचा माझ्यावर राग आहे. ताई, सशाला असा राग धरता येत नाही. गादी मऊ आहे, ओल शोषून घेते, जमिनीपासून जरा उंच आहे, आणि घरातल्या एका माणसाचा वास तिच्यात मुरलेला आहे. सशाला खूण करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. एकदा वास बसला की पाय पुन्हा तिथंच वळतात. चापटीचं आणि नाक दाबण्याचंही तेच. ससा हा शिकार होणारा प्राणी. वरून आलेला हात म्हणजे घार, एवढंच त्याला कळतं. 'गादीवर केलं म्हणून मार बसला' हा संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही, 'या बाईपासून लांब राहायचं' हा मात्र पक्का बसतो. घाबरलेला ससा लघवी आणखी इकडंतिकडं करतो. तुम्ही ते रागानं केलं नाही, कुणी सांगितलं म्हणून केलंत, हे मला दिसतंय. आजपासून थांबवा. संध्याकाळी दहा मिनिटं तिच्याजवळ जमिनीवर नुसतं बसा, हातात हराळीची चार पाती धरून. गणपतीला आपण दूर्वा वाहतो तीच ही हराळी. तिला हात लावायला जाऊ नका, तिला येऊ द्या. आठ-दहा दिवस लागतील, पण येईल.

मीही तुमच्यासारखीच चुकले होते. माझा पहिला ससा आणला तेव्हा टब कुठं ठेवायचा हे मी ठरवलं: न्हाणीघरात, दाराआड, पाहुण्यांना दिसणार नाही असा. तीन आठवडे तो तिकडं फिरकला नाही. मग एका रात्री दिवा बारीक करून मी खोलीत भिंतीला टेकून बसले आणि फक्त बघत राहिले. तो कपाटाजवळ गेला, वळला, शेपटी किंचित वर उचलली आणि मागं सरकत सरकत बूड कपाटाच्या नि भिंतीच्या कोनात टेकवलं. मान जराशी पुढं ताणली, कान मागं गेले, डोळे अर्धवट मिटले, क्षणभर अगदी स्थिर. दुसऱ्या दिवशी टब उचलून त्याच कोनात ठेवला. त्याच रात्री तो त्यात जाऊन बसला. म्हणून सांगते, शिकवायच्या आधी दोन दिवस बघा. शेपटी वर आणि पाऊल मागं, ही खूण मुलाला दाखवून ठेवा. मुलांची नजर याबाबतीत आपल्यापेक्षा तिखट असते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सगळ्यात आधी तिचं घर लहान करा. दोन खोल्या, सोपा, परडं एवढा पसारा पाच महिन्यांच्या सशाला सांभाळता येत नाही. मोरीजवळचा तो जुना कोपरा धरून साधारण चार फूट बाय चार फूट जागा लोखंडी जाळीनं किंवा प्लायवूडच्या फळ्यांनी आडवा. अडीच-तीन फुटांपेक्षा कमी उंची असेल तर ती उडी मारून बाहेर येईल. तिथंच तिचं पाणी, खाणं, लपायला एक पुठ्ठ्याचा खोका. ही कोंडी कायमची नाही आणि ही शिक्षाही नाही. रोज दोन-तीन तास तुमच्या नजरेसमोर बाहेर फिरू द्यायचंच, नाहीतर पाय आखडतात.

टब तोच चालेल, पण तिला आत बसून पूर्ण वळता आलं पाहिजे, म्हणजे दीड-दोन फूट लांब. एका बाजूची कड कापून तीन-चार इंचांवर आणा आणि कापलेली धार घासून बोथट करा. आतला भुसा काढून टाका, ताई. लाकडाच्या भुशाची धूळ सशाच्या नाकात-फुफ्फुसात जाते, आणि पाइन-देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा यकृताला बाधतो. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी वाळूही नको. ससा सगळं चावून बघतो आणि ती पोटात फुगते. तळाला जुन्या वर्तमानपत्रांचे सात-आठ थर घाला, गुळगुळीत रंगीत कागदाचे नकोत. त्यावर भाताचं पिंजर. बस.

आणि आता सगळ्यात मोलाची गोष्ट, जी बहुतेकांना कुणी सांगत नाही. तिचं गवत टबातच ठेवा. टबाच्या एका टोकाला, किंवा काठावर बुट्टी बांधून त्यात. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. तोंड गवताकडं आणि बूड टबात, असं झालं की निम्मं शिक्षण आपोआप होतं. आपल्याला हे ऐकायला कसंसंच वाटतं, जेवणाच्या ताटात शौच. पण त्याला त्यात काही वावगं नाही. वरचं ताजं गवत तो खातो, खालचं तुडवलेलं सोडून देतो.

सुरुवातीला लघवीनं ओला झालेला एक चिंध्याचा बोळा आणि थोड्या लेंड्या मुद्दाम टबात टाका. जमिनीवर मात्र उलट, तिथला वास पूर्ण गेला पाहिजे. आपल्याकडं पहिला हात फिनेलकडं जातो. फिनेल वापरू नका, त्याची वाफ सशाला अपायकारक आहे. आणि ससा येऊ नये म्हणून डांबरगोळ्या तर अजिबात ठेवू नका, त्या विषारी आहेत. किराणा दुकानात मिळणारा पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. सशाच्या लघवीत चुना बराच असतो, वाळला की पांढरा खरपुडा धरतो, तोही व्हिनेगरनंच सुटतो. टब रोज बदला. दोन दिवस राहिला तर अमोनियाचा उग्र वास सुटतो, आणि नाक त्याच्या अगदी जवळ असल्यानं आपल्याआधी तो सशाला बाधतो. बदलताना जुन्या कागदाचा एक छोटा तुकडा तेवढा मागं ठेवा.

त्या चार फुटांत तिनं दुसराच कोपरा धरला तर तिला हलवू नका, टब हलवा. दोन कोपरे धरले तर दोन टब. आठवडाभर जमीन कोरडी राहिली की एका खोलीची परवानगी द्या, तीही आधी तासभर. चुकली तर पुन्हा एक पायरी मागं यायचं. यात कुणाची हार नाही.

लघवी आणि लेंड्या यांचा हिशोब मात्र वेगळा ठेवा. लघवीची सवय पक्की लागते. लेंड्यांबाबत शंभर टक्क्यांची अपेक्षा धरू नका. ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो, त्यातल्या दहा-वीस बाहेर पडणारच. त्या कोरड्या असतात, वास नसतो, केरसुणीनं गोळा होतात, आणि परड्यातल्या अळूला किंवा गवती चहाला तशाच टाकता येतात. कधी कधी द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या मऊ, चकचकीत, वासाच्या लेंड्या दिसतील. त्या तो थेट तोंडानं घेऊन खातो, ते त्याला आवश्यकच असतं, त्यावरून ओरडू नका. पण त्या रोज जमिनीवर चिकटलेल्या दिसू लागल्या तर समजा की खाणं चुकतंय: चपातीचा तुकडा, बिस्कीट, भात, जास्त गाजर. हे सगळं बंद करून गवत वाढवा. लघवी कधी तांबूस-केशरी दिसते, तीही बहुधा पाल्यातल्या रंगामुळं. मात्र ती करताना जोर लावावा लागत असेल, किंवा थेंब थेंब होत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही, दुखणं आहे. डॉक्टरांकडं न्या.

एवढं करूनही वयात आलेल्या सशाचे शिंतोडे पूर्ण थांबतीलच असं मी सांगणार नाही. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे नसबंदी. नराची चार-पाच महिन्यांनंतर आणि मादीची सहा महिन्यांच्या आसपास करतात. हार्मोन ओसरायला त्यानंतरही चार ते सहा आठवडे जातात. मादी असेल तर आणखी एक कारण आहे, वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. पण सशाला भूल देणं हे कुत्र्या-मांजराला देण्यापेक्षा नाजूक काम आहे, आणि आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात. म्हणून संकोच न करता विचारा: तुम्ही आजवर किती सशांची शस्त्रक्रिया केली आहे? आधी उपाशी ठेवायचं का? 'रात्रभर उपाशी ठेवा' असं उत्तर आलं तर तिथं करू नका. सशाला उलटी होतच नाही, त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात. बेळगावात खात्रीचं कुणी सापडलं नाही तर हुबळी किंवा कोल्हापूरला चौकशी करा, दोन्ही शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. खर्च परवडत नसेल तर त्यातही कमीपणा नाही. तसं असेल तर वरची पद्धत आणि मर्यादित मोकळीक यावर भागवा. फक्त दुसरा ससा जोडीला आणू नका. महिन्याभरात, म्हणजे साधारण ३१ दिवसांत, पिल्लं होतात.

आता सासूबाईंबद्दल. तुम्ही त्यांना या गोष्टीतली अडचण म्हणून लिहिलं आहे. मला पत्र वाचताना वेगळं दिसलं. दिवसभर घरात कोण असतं? मुलगा शाळेत, तुम्ही आणि तुमचे यजमान मागावर. कांड्या भरता भरता लेंड्या झाडणार त्या, ओली गादी उन्हात टाकणार त्या, आणि रात्री झोपायचं त्याच गादीवर. ससा आणताना त्यांना कुणी विचारलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांचा राग सशावर आहेच, पण त्याखाली 'मला कुणी विचारत नाही' हेही असावं. तेव्हा पहिलं काम, त्यांची खोली सशाला पूर्ण बंद. दार लागत नसेल तर खाली फळी लावा. गादी व्हिनेगरनं पुसून दोन दिवस कडक उन्हात टाका, आणि वर बाळंतिणीच्या खोलीत वापरतो तसं मेणकापड घाला. दुसरं, रोजचा टब मुलानं बदलायचा, शाळेला जायच्या आधी, आणि तो खाडा करेल त्या दिवशी तुम्ही. सासूबाईंनी नाही. मग त्यांच्याजवळ बसून तीन आठवडे मागा. "आई, तीन आठवडे बघू. तुमच्या खोलीत ती येणार नाही, हा माझा शब्द." एवढं म्हटलंत तर त्या तुम्हाला नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

तीन आठवड्यांनीही घराला झेपत नसेल तर कापशीला दुसरं चांगलं घर शोधणं हाही प्रामाणिक मार्ग आहे. त्यात मुलाला सामील करून घ्या, त्याच्या पाठीमागं देऊ नका. शेतात सोडणं मात्र पर्याय नाही. पांढऱ्या अंगाचा, माणसात वाढलेला, लपायचं न शिकलेला ससा भाताच्या खाचरात कुत्र्या-मुंगसापुढं एक रात्रही काढेल असं वाटत नाही. सासूबाईंना हे सांगा. 'सोडून द्या' म्हणताना त्यांच्या मनात मोकळं रान असणार, मरण नाही.

मागाच्या घरात ससा म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. सोप्यात तिला नेऊ नका. तुटकं सूत, नायलॉनचा धागा पोटात गेला तर आतड्यात गुंता होतो. मोटारीच्या वायरी ती चावणारच. आणि मागाचा धडधडाट तिला भीतीचाच आहे, टब असलेला कोपरा त्या भिंतीला लागून असेल तर एवढ्यासाठी तरी जागा जरा बदलावी लागेल. निपाणी-चिकोडीकडं ज्यांच्या घरात तंबाखू असतो त्यांनी पानाचा चुराही सशाच्या वाटेत राहू देऊ नये.

सशानं बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्याच पडल्या नाहीत, तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

शेवटी पावसाचं. बेळगावचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, जूनमध्ये लागला की कपडेसुद्धा आठ-आठ दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांत गवताला-पिंजराला बुरशी धरते, आणि बुरशीचं गवत सशाला आजारी पाडतं. बुडाशी ओलं राहिलं तर माश्या अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या पडतात. म्हणून पावसाळ्यात रोज एकदा तिचं बूड बघायचं, आणि टबातला कागद दिवसातून दोनदा बदलायचा. वाळलेलं गवत खायला आणि पिंजर अंथरायला, दोन्हीची साठवण मे संपायच्या आत करून उंचावर, हवेशीर ठेवायची. पिंजरात कस फारसा नसतो, तेव्हा खायला गवतच, हे विसरू नका. येळ्ळूरच्या मामांकडं भाताची गंजी असेलच. फवारणीचं नसलेलं विचारून घ्या. या रविवारी मुलाला बरोबर घेऊन जा, कापशी घरी राहू दे, आणि जाताना दोन रिकामी पोती न्या.